मावशीच्या गावात एक मजला कमी

मावशीचं ब्लडप्रेशर वाढलं, तेव्हा डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि वर सल्ला दिला, "राग जरा कमी करा." मावशी म्हणाली, "गोळ्या दोन द्या हवं तर. राग राहू दे."

डॉक्टर हसले. ते बिचारे तिला नवीन होते. मी आईच्या मागे तिच्याकडेच वाढले, म्हणून मला माहीत होतं की ती विनोद करत नव्हती. तिचा राग हा घरातल्या एखाद्या जुन्या माणसासारखा होता; त्याला वेळच्या वेळी वाढायचं, त्याची विचारपूस करायची आणि त्याच्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही.

मावशी रफूचं काम करायची. कपड्याला कसर लागली, सिगारेटचं भोक पडलं, खिळ्यात अडकून फाटलं, की लोक तिच्याकडे यायचे. ती त्या कापडाच्या विणीत एकेक धागा असा ओवायची की भोक होतं कुठे हे मालकालाही सापडू नये. "रफू दिसला तर तो रफू नाही, ठिगळ," असं ती म्हणायची, आणि ठिगळ हा शब्द दुसऱ्या बायका शिवी देताना काढतात तशा आवाजात काढायची.

या कामाला सुई लागते, डोळे लागतात आणि दिवसाचा उजेड लागतो. शेवटची गोष्ट लोकांना पटत नाही. पण काळा धागा काळा नसतो. दिव्याखाली दोन काळे धागे सख्ख्या भावांसारखे दिसतात, आणि उन्हात नेले की एक हिरवट निघतो, एक तांबूस. म्हणून मावशीची कामाची खोली वरच्या मजल्यावर होती आणि तिचं टेबल खिडकीला चिकटून होतं. लग्न होऊन आली तेव्हा काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, तिला ही खोली दिली होती. दागिना दिला नाही, खिडकी दिली, असं ती सांगायची. सांगताना तक्रार करतेय असं दाखवायची आणि गाल लाल व्हायचे.

खिडकीसमोर अंगणापलीकडे तिच्या दिराचं घर होतं. त्याला सगळे धाकटा म्हणत. पन्नाशी उलटली, पोट सुटलं, फरशीचं दुकान थाटलं, तरी तो धाकटाच. मावशी या घरात आली तेव्हा तो अर्ध्या चड्डीत होता आणि त्या चड्ड्यांची मागची बाजू मावशीनेच रफू करून शाळेत पाठवली होती. काका जायच्या आधी दोघा भावांचं बोलणं झालं होतं, माझ्यादेखत झालं होतं: धाकट्याने घर मागे हवं तेवढं वाढवावं, पण अंगणाच्या बाजूला वर चढवायचं नाही. वहिनीची खिडकी आहे. धाकट्याने काकांचा हात हातात घेऊन मान डोलावली होती.

काका गेले. काही दिवस धाकटा रोज येऊन बसायचा. मग एक दिवस विटा आल्या.

मजला चढला. तोही काही राहायला नाही. त्यात फरशीची खोकी ठेवली, तुटकी, उरलेली, रंग न जुळलेली. माणूस राहिला असता तर मावशीने कदाचित गिळलं असतं. पण आपला सूर्य खोक्यांसाठी गेला हे तिला पचेना. भांडायला गेली, तर धाकटा हसून म्हणाला, "वहिनी, कुठल्या काळात आहेस तू? आता एवढे भारी दिवे निघालेत. ऊन कोण बघतं?"

आणि दुसऱ्या दिवशी त्याने खरोखर दिवा आणून दिला. लांब मानेचा, पांढरा, टेबलाला पकडून बसणारा. स्वतः जोडून दिला, बटण दाबून दाखवलं, आणि चहा पिऊन गेला. खिडकी घेतली आणि दिवा दिला, म्हणजे हिशोब मिटला, असा त्याचा चेहरा होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून शेजारीपाजारी मावशीलाच समजावून गेले.

तेव्हापासून मावशीची उन्हाची फेरी सुरू झाली. दिव्याखाली धागा निवडायचा, मग कपडा आणि धागा घेऊन जिना उतरायचा, अंगण ओलांडून गल्लीच्या तोंडाशी जायचं, जिथे ऊन पोचतं, तिथे दोन्ही धरून बघायचं. जुळला नाही तर परत वर. दुसरा धागा. परत खाली. तिचे गुडघे आधीच कुरकुरत होते, आता बोंबलायला लागले. गडद रंगाची कामं ती परत पाठवू लागली. एका कपड्यामागे जेवढा वेळ सुईत जायचा त्याहून जास्त जिन्यात जायला लागला. प्रत्येक पायरीला ती धाकट्याला एक विशेषण लावायची. जिना चढून वर येईपर्यंत त्याची सात पिढ्यांची ओळख पूर्ण व्हायची, आणि त्या पिढ्या काकांच्याही होत्या हे ती विसरायची.

मी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते. तिथे आमच्या मालकीणबाई गिऱ्हाईक नसलं की टॅबवर एक खेळ खेळत बसतात. निळंशार पाणी असतं. पाण्यावर बोट टेकवलं की 'टप्' असा आवाज होतो आणि एक घर उगवतं. शेजारी टेकवलं की दुसरं. वर टेकवलं की मजला चढतो. घरं आपोआप एकमेकांना धरून कमान करतात, जिना करतात, मध्ये अंगण राहिलं तर तिथे झाड लावतात. जिंकायचं नाही, हरायचं नाही, गुण नाहीत, घड्याळ नाही. मालकीणबाई म्हणाल्या, "मन कसं शांत होतं बघ." मी तो खेळ जुन्या टॅबवर घालून घरी नेला.

मावशीने चष्मा चढवून बराच वेळ बघितलं.

"यात माणसं कुठायत?"

"नाहीत. फक्त घरं."

"मग बरंय," ती म्हणाली आणि टॅब मांडीवर ओढून घेतला.

पहिल्या आठवड्यात तिने आमची गल्ली बांधली. आमचं घर, अंगण, समोर धाकट्याचं घर, कोपऱ्यावरचं सायकलचं दुकान. रंग सुद्धा जुळवले. रंगाच्या बाबतीत ती खेळालाही सोडत नव्हती, "हा पिवळा म्हणजे आजारी पिवळा आहे," म्हणून चारदा बदलला. मग तिला कळलं की खेळात सूर्यही आहे आणि बोटाने ओढला की फिरतो. सावल्या घरांवरून सरकायला लागल्या. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिने सूर्य ओढत ओढत सकाळवर आणला आणि धाकट्याच्या वरच्या मजल्याची सावली बरोबर आमच्या खिडकीवर येऊन बसली.

"आहे तसंच आहे," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट होता.

मग तिने विचारलं, "घर काढायचं कसं?"

मी दाखवलं. बोट दाबून धरायचं. तिने धाकट्याच्या वरच्या मजल्यावर बोट ठेवलं. 'भुस्' झालं, चार ठिपके धुळीसारखे उडाले, दोन पक्षी उडून गेले, आणि आमच्या इवल्याशा खिडकीवर ऊन पडलं. मावशी एवढी खूश झालेली मी काकांच्या नंतर पाहिली नव्हती. तिने मजला परत चढवला. टप्. परत पाडला. भुस्. सकाळी पहिली गोळी, मग हे. जेवणाआधी परत. घराला हात लावायची नाही हं, फक्त मजला. "घर त्याचं आहे, राहू दे," म्हणायची. "मी काय राक्षस आहे?"

पुढच्या तपासणीला ब्लडप्रेशर खाली आलेलं. डॉक्टर म्हणाले, "छान! हा खेळ चालू ठेवा. मनातला राग निघून जातो." मावशी मान डोलावत होती. मला हसू आवरेना, मी औषधाच्या कपाटाकडे बघत बसले. राग निघून गेला नव्हता. त्याला फक्त रोज व्यायाम मिळत होता आणि तो धडधाकट होत चालला होता.

त्यात धाकट्याच्या मुलीचं लग्न ठरलं.

धाकटा एका दुपारी वर आला, हातात कोट घेऊन. मी ओळखला. काकांचा कोट. करडा, किंचित निळ्याकडे झुकणारा, चांगल्या लोकरीचा. काका गेल्यावर धाकट्याने आठवण म्हणून मागून नेला होता. डाव्या छातीवर, खिशाच्या वर, कसरीने भोक पाडलं होतं, करंगळी जाईल एवढं.

"वहिनी, पोरीच्या लग्नात दादाचा कोट घालायचाय," तो म्हणाला. "दादा असल्यासारखं वाटेल. तूच कर हे काम. दुसऱ्या कुणाच्या हातात मी देणार नाही."

त्याचे डोळे ओले होते. खोटं नाही सांगत, खरंच ओले होते. धाकट्याचं तेच तर होतं, त्याला सगळं मनापासून वाटायचं आणि त्यातलं काही त्याच्या आड यायचं नाही.

मावशीने कोट मांडीवर घेतला. हात फिरवला. म्हणाली, "दादाचा शब्द नाही राहिला लक्षात. कोट राहिला."

"आता ते कशाला काढतेस वहिनी? चांगल्या कामाच्या वेळी."

"नाही काढत." तिने कोट उलटा करून शिवणी बघितल्या. "पोटासाठी उसवून घेतलास वाटतं. शिंप्याने आतलं कापडच ठेवलं नाही. धागा काढायचा तर त्याच कापडातून काढावा लागतो. तो आता मिळायचा नाही. माझ्या डब्यातला लावावा लागेल."

"लाव ना. तुझ्या डब्यात काय नाही?" आणि जाताना त्याने टेबलावरच्या दिव्याच्या मानेवर थोपटलं. "बघ, शेवटी हाच कामाला आला की नाही?"

हे बोलला नसता तर काय झालं असतं, मी अजूनही विचार करते. बहुधा तेच झालं असतं. पण त्या क्षणी मलाच त्याला जिन्यावरून ढकलावंसं वाटलं.

मावशीने दुसऱ्या दिवशी मला विचारलं, "लग्न कुठे आहे?"

नदीकाठच्या बागेत होतं, उघड्यावर, सकाळी. दुकानात येता-जाता मला ती बाग रोज दिसायची. मावशीने टॅब उघडला, गल्ली बाजूला ठेवली आणि निळ्या पाण्यावर नवीन जागा काढली. मला विचारत गेली आणि बांधत गेली. फाटक कुठल्या अंगाला? इथे. झाडं? ती कडेला, लांब. जेवणाची टेबलं? त्या झाडांखाली. आणि फोटो?

"मधे रुंद पायऱ्या आहेत ना, तिथे सगळे उभे राहतात."

तिने पायऱ्या बांधल्या. मग सूर्य धरला आणि हळूहळू ओढला. झाडांच्या सावल्या टेबलांवर पसरल्या, फाटकावर आल्या, हटल्या. पायऱ्यांवर मात्र काहीच आलं नाही. सबंध सकाळ त्या पायऱ्या समोरून लखलखत होत्या.

"वा," मावशी म्हणाली, "उजेड काय सुंदर आहे."

तेव्हा मला कळलं. तिला थांबवायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर मला निम्मा आनंदच झाला होता.

तिने दिव्याखाली डब्यातले करडे धागे मांडले. दोन निवडले आणि माझ्यासमोर कोटावर ठेवले. दोन्ही कोटात विरघळून गेले. माझा चष्म्याच्या दुकानातला डोळा, तरी मला फरक सांगता येईना. "जा, खाली जाऊन बघ," ती म्हणाली. मी दोन धागे आणि कोट घेऊन गल्लीच्या तोंडाशी गेले. उन्हात एक धागा करडाच राहिला. दुसरा शेवाळ्यासारखा हिरवा झाला.

वर येऊन मी चांगला धागा तिच्या हातात दिला. "हा."

तिने तो घेतला, डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. सुईत दुसरा ओवला.

"मावशी, पण लोक तुझंच नाव घेतील. त्याचं काय जातंय? लोक म्हणतील रफूवालीचा हात गेला."

"म्हणू देत."

"आणि कोट काकांचा आहे."

इथे तिची सुई थांबली. मला वाटलं, जिंकले मी. तिने समोरच्या भिंतीकडे बघितलं. मग म्हणाली, "तुझ्या काकांनी मला खिडकी दिली होती. ती गेली, तेव्हा ते असते तर कोट घालून गप्प बसले असते का?" आणि डोकं खाली घातलं.

काम मात्र तिने जीव ओतून केलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे लोकांनी नाही नाही ते म्हटलं. एक टाका ओढलेला नाही, एक वीण चुकलेली नाही. त्या दिव्याखाली भिंग लावून बघितलं असतं तरी भोक सापडलं नसतं. सगळ्यांच्या कपड्यांना ती करायची ती एकच गोष्ट तिने या कपड्याला केली नाही. काम झाल्यावर उन्हाची फेरी मारली नाही. मी दोनदा म्हणाले, मी नेऊन आणते खाली. तिने मानेनेच नको म्हटलं.

धाकटा कोट न्यायला आला, दिव्याखाली धरून बघितला आणि वहिनीच्या पाया पडला. "जादू आहे तुझ्या हातात," म्हणाला. मावशीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मला ते बघवेना, मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली.

लग्नाच्या सकाळी आकाशात औषधालाही ढग नव्हता. मावशी ठेवणीतली साडी नेसून, गुडघ्याला पट्टा बांधून, पायऱ्यांच्या समोरच्याच खुर्चीत बसली. झाडाखालच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. सगळे तिला म्हणाले, सावलीत ये. ती म्हणाली, "नको, सावलीतच असते मी रोज."

धाकटा येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, दादाचा कोट आहे, वहिनीने रफू केलाय, सापडतंय का बघा भोक. झाडाखाली होता तोवर कुणाला सापडेना. मग फोटोवाल्याने हाक मारली आणि तो पायऱ्यांवर जाऊन नवरीच्या शेजारी छाती काढून उभा राहिला.

पहिल्यांदा फोटोवाल्यालाच दिसलं. तो म्हणाला, "साहेब, छातीवर काहीतरी सांडलंय." धाकट्याने रुमालाने पुसलं. जाईना. नवऱ्याच्या आईने वाकून बघितलं. मग नवरीने. करड्या कोटावर हृदयाच्या जागी नखाएवढा हिरवा डाग, जसा काही भिंतीवर ओल आल्यावर उगवतो. धाकट्याने आधी हात ठेवला, मग शेजारच्या नवरीच्या हाराने झाकून बघितला, मग कोट काढायला गेला तर आत शर्टाची बटणं पोटावर ताणलेली, परत घातला. सगळे फोटो छातीवर हात ठेवून काढले. आजही अल्बममध्ये तो शपथ घेतल्यासारखा उभा आहे.

मागे कुजबुज सुरू झालीच. "वय झालं हो तिचं. नजर गेली." माझ्या समोर एक बाई दुसरीला म्हणाली, "बरं झालं, मी माझी शाल द्यायच्या आत कळलं." मी मावशीकडे बघितलं. तिने ऐकलं होतं. चेहरा तसाच ठेवला होता, पण मांडीवरच्या बोटांनी पदराची कड धरली होती आणि सोडत नव्हती. काट्याने काटा काढायला गेलं की आपल्याही बोटात थोडा रुततो. तिला हे माहीत होतं. माहीत असून तिने तो हातात घेतला होता.

धाकटा पाहुण्यांसमोर काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र जिना दणाणत वर आला. कोट अंगातच होता.

"वहिनी, काय केलंस हे? भर मांडवात माझी शोभा केलीस! मुद्दाम केलंस!"

मावशी टॅब घेऊन बसली होती. मान वर न करता म्हणाली, "कुठे काय केलंय? दाखव."

"हे बघ की!" तो टेबलाशी आला, दिवा लावला, छाती पुढे केली.

डाग नव्हता.

त्याने दिव्याची मान खाली ओढली. कोट ताणला. बोटाने चाचपलं. करडा, किंचित निळा, सलग कोट. तो खिडकीशी गेला. तिथेही नव्हता. तो गोंधळून एकदा दिव्याकडे, एकदा कोटाकडे बघत राहिला.

"इथे तर दिसत नाही," तो म्हणाला.

"इथे काहीच दिसत नाही," मावशी म्हणाली. "तुझा मजला चढल्यापासून मी तेच सांगतेय."

धाकटा खिडकीत उभा होता, आणि खिडकीत उभं राहिलं की त्याची भिंत हात लावण्याइतकी जवळ दिसते. मला वाटत नाही मजला चढल्यापासून तो कधी तिथे उभा राहिला होता. मावशीने टॅब त्याच्यापुढे सरकवला. निळं पाणी, आमची गल्ली, सकाळचं ऊन.

त्याने वाकून बघितलं. "हे आपलं घर?" मग, "माझा वरचा मजला कुठाय?"

"माझ्या गावात तो नाही."

त्याने बोट पुढे केलं. दाखवायला केलं की चुकून, कोण जाणे, पण ते त्याच्या छपरावर टेकलं. टप्. मजला उगवला आणि आमची खिडकी काळी झाली. धाकट्याने चटका बसल्यासारखं बोट मागे घेतलं.

तो स्टुलावर बसला. लहानपणी चड्डी फाडून आल्यावर बसत असेल तसाच बसला. म्हणाला, "मग आता मी काय करू, वहिनी?"

तो मजला पाडतो म्हणेल असं मला वाटलं होतं. त्याच्या तोंडावर आलंही होतं बहुतेक. पण मावशीने वाट बघितली नाही. तिने दिवा विझवला, त्याची पकड सोडवली, वायर गुंडाळली आणि दिवा त्याच्या मांडीवर ठेवला.

"काही नको करूस," ती म्हणाली. "दादाचा कोट अंगात आहे. तसाच खाली जा आणि उन्हात हिंड."

तो गेला. जिना उतरताना त्याची पावलं ऐकू आली, एकेक, सावकाश, मावशीच्या गुडघ्यांसारखी. मग फाटकाची कडी वाजली. तो गल्लीच्या तोंडाशी पोचला असेल तेव्हा कसा दिसला, हे आम्हाला बघता आलं नाही. आमच्या खिडकीतून फक्त भिंत दिसते.